३३/११ सबस्टेशनची रिले टेस्टिंग: परमिट घेण्यापासून लोड येईपर्यंत

सात-आठ वर्षं झाली असतील. एका ३३/११ केव्ही सबस्टेशनला आम्ही पावसाळ्याआधीची रिले टेस्टिंग उरकली (रिले म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर पाडायला लावणारं यंत्र). चार फिडर (ग्राहकांकडे जाणाऱ्या ११ केव्ही लाइन), एक ट्रान्सफॉर्मर, सगळी टायमिंगं चोख, रिपोर्टवर सह्या, ऑपरेटरकडचा चहा, आणि गाडी पुढच्या गावाला. जूनच्या पहिल्याच वादळात एका फिडरचा कंडक्टर तुटून शेतात पडला आणि तो फिडर ट्रिपच (आपोआप बंदच) झाला नाही, त्याच्या ऐवजी ११ केव्ही इन्कमर (सगळ्या फिडरना वीज देणारा मुख्य ब्रेकर) उडाला आणि चारही फिडर अंधारात. माणूस-जनावर कोणी सापडलं नाही हे नशीब. रिले तपासला तर ठणठणीत. घोळ माझाच होता. ओव्हरकरंट (जादा करंटचं संरक्षण) टेस्ट करताना अर्थ फॉल्ट (जमिनीत जाणाऱ्या करंटचं संरक्षण) मधेमधे येत होता म्हणून मी सेटिंगमधे जाऊन तो एलिमेंट ऑफ केला होता आणि परत ऑन करायचा राहिला. किटवर (रिलेला टेस्टचा करंट देणाऱ्या यंत्रावर) आलेले आकडे सगळे खरे होते, फक्त मी गेल्यावर रिले त्या अवस्थेत राहिला नव्हता ज्या अवस्थेत असायला पाहिजे.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. नवीन पोरं किट चालवायला दोन दिवसात शिकतात, पण सीटीपासून (लाइनचा मोठा करंट ठराविक प्रमाणात लहान करून रिलेला देणारा ट्रान्सफॉर्मर) ब्रेकरच्या ट्रिप कॉइलपर्यंत आणि मागे बॅटरीपर्यंत अख्खी साखळी असते, रिले त्यातली एक कडी. माझ्या अनुभवात रिलेपेक्षा त्याच्या आजूबाजूचं जास्त दगा देतं.

उदाहरणासाठी एक साधं सबस्टेशन धरू. ५ एमव्हीए ट्रान्सफॉर्मर, ३३/११ केव्ही, डीवायएन ११ (वाइंडिंगच्या जोडणीचा प्रकार), इम्पिडन्स (करंटला आतून होणारा विरोध) ७.१५ टक्के. ३३ बाजूला सीटी १००/१ (लाइनला १०० अँपिअर तर रिलेला १), ११ केव्ही इन्कमरला ३००/१, फिडरला २००/१. कारखान्यातल्या एचटी (उच्च दाबाच्या) पॅनेललाही यातलं बहुतेक जसंच्या तसं लागू पडतं.

निघायच्या आधी

साइटवर जाऊन ड्रॉइंग शोधत बसू नका, ते मिळत नाही, आणि मिळालं तर त्यावर उंदराने काम केलेलं असतं. मंजूर सेटिंग शीट, मागच्या वर्षीचा रिपोर्ट, पॅनेलचं स्किमॅटिक आणि त्या मॉडेलचं मॅन्युअल एवढं सोबत पाहिजेच. न्युमेरिकल (प्रोसेसरवाला) रिले असेल तर त्याचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आणि केबल बॅगेत, आणि पासवर्ड कोणाकडे आहे ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत फोनवरच जाते.

सेटिंगचं गणित स्वतः एकदा करून बघा. ट्रान्सफॉर्मरचा ११ केव्ही बाजूचा फुल लोड करंट साधारण २६२ अँपिअर. मागचा सोर्स तगडा आहे असं धरलं तर ११ केव्ही बसवरचा थ्री फेज फॉल्ट २६२ भागिले ०.०७१५, म्हणजे ३६७० अँपिअरच्या आसपास. आता नॉर्मल इन्व्हर्स कर्व्हचं (करंट जितका जास्त तितका वेळ कमी) सूत्र. पिकअप म्हणजे ज्या करंटला रिले जागा होतो तो, पीएसएम म्हणजे करंट पिकअपच्या किती पट आहे ते, टीएमएस म्हणजे वेळ कमी-जास्त करायचा गुणक:

वेळ = ०.१४ × टीएमएस ÷ (पीएसएमचा ०.०२ घात − १)

फिडरचा पिकअप २०० अँपिअर आणि टीएमएस ०.१ असेल तर पीएसएम १८.३५, वेळ ०.२३ सेकंद. इन्कमरचा पिकअप ३०० अँपिअर, पीएसएम १२.२, टीएमएस ०.२ ठेवला तर ०.५४ सेकंद. दोघांत ०.३ सेकंदाचं अंतर पडलं. न्युमेरिकल रिले आणि व्हीसीबी (व्हॅक्युम ब्रेकर) असेल तर एवढं चालतं, जुन्या डिस्क रिलेला ०.४ च्या आसपास ठेवा कारण करंट थांबल्यावरही चकती थोडी पुढे सरकते. हे अंतर शीटवरच नसेल तर टेस्टिंग कितीही चांगली करा, फॉल्ट फिडरवर होईल आणि इन्कमर उडेल.

परमिट आणि आयसोलेशन

लेखी परमिट, म्हणजे लाइन बंद करून काम करायची परवानगी. फोनवरचं "हो साहेब, बंद केलंय" हे परमिट नाही. ब्रेकर बंद, ट्रॉली रॅक आउट (बाहेर ओढलेली) किंवा आयसोलेटर उघडे, कुलूप, बोर्ड, स्वतः डिटेक्टरने बघून दोन्ही बाजूंनी अर्थिंग, आणि मगच हात लावायचा. फिडरचं दुसरं टोक कुठूनतरी बॅकफीड होत नाहीये ना, हे विचारा, विशेषतः इन्व्हर्टर आणि जनरेटर लावलेले ग्राहक असतील तर.

आता टीटीबी, म्हणजे टेस्ट टर्मिनल ब्लॉक. इथे क्रम चुकला तर जिवावर बेततं. सीटी चालू असताना त्याची सेकंडरी उघडी पडली तर तिथे हजारो व्होल्ट तयार होऊ शकतात. म्हणून आधी सीटीच्या बाजूला आर, वाय, बी आणि न्यूट्रल शॉर्ट करायचे, मिलिअँपिअर मोजणारा टाँग टेस्टर (वायरभोवती पकडायचा मीटर) लावून करंट खरंच शॉर्टमधून वळला का ते बघायचं, आणि मगच रिलेकडे जाणारी लिंक उघडायची. परत जोडताना बरोबर उलटं, आधी लिंक जोडायची, मग शॉर्टिंग काढायचं. फिडर बंद आहे म्हणून "कशाला शॉर्ट करायचं" असं म्हणणारे भेटतात, पण हात तीच सवय उचलतो आणि एखाद्या दिवशी इन्कमर चालू ठेवून काम करावं लागतं.

पीटीचं (व्होल्टेज लहान करून रिलेला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं) प्रकरण वेगळं. तिथे शॉर्ट करायचं नसतं, उघडायचं असतं, म्हणजे फ्यूज काढायचे. रिलेला ११० व्होल्ट द्यायचे आणि पीटीचा फ्यूज जागेवरच असला तर तेच ११० व्होल्ट पीटीतून उलटे चढतात आणि प्रायमरीवर ११ केव्ही उभे राहतात, जिथे कदाचित दुसरा माणूस साफसफाई करत असेल. हे मी दोनदा सांगतो प्रत्येक वेळी.

ट्रान्सफॉर्मरचे रिले करताना ८६ नंबरचा मास्टर ट्रिप दोन्ही बाजूंचे ब्रेकर पाडतो, काही ठिकाणी बसबार प्रोटेक्शन किंवा ब्रेकर फेल्युअरची वायर पण तिथूनच जाते. कोणत्या ट्रिप लिंक काढल्या ते पाटीवर, कागदावर, कुठेही लिहा पण लिहा. आम्ही काढलेल्या प्रत्येक लिंकला लाल टेप लावतो आणि शेवटी टेप मोजतो.

आधी डोळ्यांनी बघा

किट उघडायच्या आधी पंधरा मिनिटं टॉर्च घेऊन पॅनेलच्या मागे जा. सैल टर्मिनल, जळकट वास, काळी पडलेली लग, उंदराने कुरतडलेली वायर, पालीची अंडी, केबल एंट्रीतून आलेली ओल. पॅनेलमधला हीटर चालू आहे का? कोकणात हीटर बंद असला की टर्मिनलवर हिरवट थर चढलेला दिसतोच. सीटीची सेकंडरी एकाच ठिकाणी अर्थ असली पाहिजे, दोन ठिकाणी असेल तर जमिनीतला करंट फिरून रिलेत येतो आणि अर्थ फॉल्ट उगाच उडतो.

वायरिंगला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) चालतो, पण न्युमेरिकल रिलेचे कनेक्टर काढूनच. कम्युनिकेशन पोर्टवर मेगर मारून रिले घालवलेला मी पाहिलाय.

बॅटरी, जिच्याकडे कोणी बघत नाही

लहान सबस्टेशनला ३० व्होल्टची बॅटरी असते, कुठे ११०, मोठ्या ठिकाणी २२०. ११० व्होल्टला लेड ॲसिडचे ५५ सेल. फ्लोटवर (चार्जर सतत जोडलेला असताना) सेलमागे साधारण २.२ व्होल्ट, ॲसिडची ग्रॅव्हिटी १.२ च्या आसपास. प्रत्येक सेल मोजा, एकूण व्होल्टेज बरोबर दिसतं आणि मधेच एक सेल मेलेला असतो.

पण खरी परीक्षा अशी: चार्जर बंद करा, अर्धा तास स्टेशनचं नेहमीचं लोड फक्त बॅटरीवर चालू द्या आणि मग ब्रेकर ट्रिप करून बघा. का? कारण जवळचा मोठा फॉल्ट झाला की ११ केव्हीचं व्होल्टेज बसतं, स्टेशन ट्रान्सफॉर्मरचं बसतं, चार्जरचं आउटपुटही जातं, नेमकं त्या क्षणी सगळं ओझं बॅटरीवर येतं. चार्जर चालू ठेवून केलेल्या ट्रिप टेस्टमधे मेलेली बॅटरी लपून जाते.

अर्थ लीकेज पण बघा. ११० व्होल्टच्या सिस्टिमला पॉझिटिव्ह ते अर्थ आणि निगेटिव्ह ते अर्थ दोन्ही पंचावन्नच्या जवळपास यायला हवेत. एक बाजू शंभर आणि दुसरी दहा दाखवत असेल तर कुठेतरी वायर अर्थ झालीये, आणि दुसरा अर्थ फॉल्ट चुकीच्या जागी झाला तर ब्रेकर विनाकारण पडतो किंवा पडायच्या वेळी पडत नाही.

सीटी

दरवर्षी पूर्ण सीटी टेस्ट करायची गरज नसते, पण नवीन बसवला असेल, फॉल्टनंतर शंका असेल किंवा डिफरन्शियल (ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंच्या करंटमधला फरक बघणारा रिले) उगाच उडत असेल तर करा. रेशो, पोलॅरिटी, वाइंडिंग रेझिस्टन्स आणि नी पॉइंट. पोलॅरिटीला अजूनही ९ व्होल्टची बॅटरी आणि मधे शून्य असलेला काट्याचा मीटर याच्याइतकं सोपं काही नाही. प्रायमरीच्या पी-१ ला पॉझिटिव्ह टेकवा, सेकंडरीच्या एस-१ ला मीटरचा पॉझिटिव्ह, टेकवताना काटा उजवीकडे झटकला तर बरोबर.

नी पॉइंट म्हणजे जिथे व्होल्टेज १० टक्के वाढवल्यावर मॅग्नेटायझिंग करंट ५० टक्के वाढतो ती जागा. व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या, आणि झाल्यावर तितकंच हळू शून्यावर आणा, एकदम स्विच बंद केला तर कोअरमधे चुंबकत्व राहतं आणि पुढे सीटी लवकर सॅच्युरेट होतो, म्हणजे खरा करंट दाखवत नाही.

सेकंडरी इंजेक्शन

आता किट. आधी जसा आहे तसा टेस्ट करा. सेटिंगला हात नाही, साफसफाई नाही, काही नाही. बरेच जण आधी रिले पुसून, काँटॅक्ट घासून, सेटिंग ठीक करून मग टेस्ट घेतात आणि रिपोर्ट छान येतो, पण कालपर्यंत रिले कशा अवस्थेत होता हे कधीच कळत नाही. दोन रकाने ठेवा, आल्यावर आणि जाताना.

पिकअप. करंट शून्यापासून हळूहळू वाढवा, रिले स्टार्ट होईल तो आकडा लिहा, मग कमी करत आणा, सुटेल तो लिहा. काही न्युमेरिकल रिले इन्व्हर्स कर्व्हला सेटिंगच्या १.०५ पटीला पिकअप देतात, तो दोष नाही, मॅन्युअल बघा. डिस्क रिलेला चकती सेटिंगच्या थोडं वर हलायला लागते, १.३ पटीला काँटॅक्ट नक्की बंद झालाच पाहिजे आणि सेटिंगइतक्या करंटला होता कामा नये.

मग टायमिंग. पिकअप १ अँपिअर, टीएमएस ०.१ असेल तर:

२ अँपिअरला १.० सेकंद
५ अँपिअरला ०.४३ सेकंद
१० अँपिअरला ०.३० सेकंद

अर्थ फॉल्ट २० टक्क्यांवर असेल तर हेच आकडे ०.४, १ आणि २ अँपिअरला. टीएमएस वेगळा असेल तर मूळ आकडे लक्षात ठेवा, टीएमएस १ ला दोन पटीला १०.०३, पाच पटीला ४.२८, दहा पटीला २.९७ सेकंद, त्याला टीएमएसने गुणा. दहा पटीला पाच टक्क्यांच्या आत यायला हवं, दोन पटीला थोडी जास्त सूट असते. न्युमेरिकल रिलेला वेळ फारच कमी असेल तेव्हा टक्केवारीपेक्षा ४०-५० मिलीसेकंदाची सूट बघतात. नेमकी मर्यादा त्या रिलेच्या मॅन्युअलमधली घ्या.

आता माझा जुना घोळ. एका फेजमधून करंट सोडला की तो न्यूट्रलमधून परत जातो, म्हणजे रिलेच्या दृष्टीने तो अर्थ फॉल्टच आहे. अर्थ फॉल्टची सेटिंग ओव्हरकरंटपेक्षा कितीतरी खाली, त्यामुळे तोच आधी उडतो. यावर लोक अर्थ फॉल्ट ऑफ करतात. करू नका. किटची एक वायर आर फेजला आणि दुसरी वाय फेजला लावा, करंट एकातून जाऊन दुसऱ्यातून परत येईल, बेरीज शून्य, अर्थ फॉल्ट गप्प. मग वाय-बी, मग बी-आर. थ्री फेजचं किट असेल तर बॅलन्स करंट सोडा. सेटिंगला हात न लावता सगळं होतं, आणि हात लावला नाही तर परत ठेवायचं विसरायचा प्रश्नच नाही.

इन्स्टंटेनियस एलिमेंट, म्हणजे ५० नंबर, वेगळा तपासा. त्याच्या सेटिंगच्या ९५ टक्क्यांना उडायला नको आणि १०५-११० ला लगेच उडायला हवा. जास्त करंट सतत सोडून ठेवू नका, एका सेकंदाचा झटका द्या, कॉइल जळते.

डायरेक्शनल (करंटची दिशा बघणारा) रिले असेल तर व्होल्टेजसोबत अँगल फिरवून दोन्ही सीमा शोधा. पण किटवर बरोबर आलेली दिशा म्हणजे साइटवरची दिशा नव्हे, सीटीची वायर उलटी असेल तर किटला ते कळणार नाही. ते लोड आल्यावरच कळतं.

जुने चकतीवाले

सीडीजी रिले अजून शेकड्याने चालू आहेत आणि नीट ठेवले तर इमानदारीत काम करतात. काच उघडायच्या आधी वरची धूळ पुसा, नाहीतर ती आतच जाते. चकती आणि चुंबकाच्या फटीत लोखंडी कीस अडकतो, तो चिकटटेपच्या काठाने काढा. काँटॅक्टला पॉलिश पेपर लावू नका, चांदीचा थर जातो, बर्निशर (काँटॅक्ट साफ करायची बारीक पट्टी) वापरा. चकती हाताने फिरवून सोडा, अडखळत परत आली तर बेअरिंग किंवा स्प्रिंग बघायला हवी. बेअरिंगमधे तेल टाकणारे महाभाग आहेत, त्यावर धूळ बसून चकती जाम होते.

साधं व्हॅरिॲकवालं (हाताने फिरवून व्होल्टेज बदलायचं) किट असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, रिलेची कॉइल जास्त करंटला सॅच्युरेट होते, लहरीचा आकार बिघडतो आणि टायमिंग चुकीचं येतं. रिलेच्या सिरीजमधे रेझिस्टन्स टाका, लहर सुधारते. कित्येक चांगले रिले या एका कारणाने भंगारात गेलेत. आणि प्लग बदलताना रिले चालू असेल तर आधी जादाचा प्लग नव्या जागी टाकायचा, मग जुना काढायचा, सर्किट उघडं पडू द्यायचं नाही.

न्युमेरिकल

हे स्वतःला तपासतात म्हणून लोक निर्धास्त होतात. रिले आपला प्रोसेसर, मेमरी, पॉवर सप्लाय तपासतो, पण त्याच्या आउटपुट काँटॅक्टला पुढे वायर जोडलीये का हे त्याला काय माहीत. वॉचडॉग काँटॅक्ट (रिलेच बंद पडल्याचं कळवणारा) अलार्मला जोडलाय का ते रिलेचा डीसी बंद करून बघा, बऱ्याच ठिकाणी तो मोकळाच लोंबत असतो.

सगळ्यात आधी इव्हेंट लॉग आणि डिस्टर्बन्स रेकॉर्ड काढून घ्या. किटने पंचवीस ट्रिप केल्यावर जुने खरे फॉल्ट पुसले जातात. मग सेटिंग फाइल डाउनलोड करून शीटशी ओळ न ओळ जुळवा: सीटी रेशो, सेकंडरी १ की ५ अँपिअर, कर्व्ह कोणता, चालू ग्रुप कोणता. ग्रुप एकमधे मंजूर सेटिंग आणि चालू मात्र ग्रुप दोन, असंही पाहिलंय. मागे टर्मिनलवर १ आणि ५ अँपिअरच्या जागा वेगळ्या असतात, तिथली वायर चुकली तर करंट पाचपट किंवा एक पंचमांश दिसतो. घड्याळ लावा. चार रिलेंची चार घड्याळं असली की फॉल्टनंतर कोण आधी उडालं यावर फक्त भांडणं होतात.

ट्रान्सफॉर्मर: डिफरन्शियलची स्टॅबिलिटी

डिफरन्शियल रिले किटवर तपासायचा असतोच, पिकअप, स्लोप (करंट वाढेल तशी वाढणारी सूट), सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग (ट्रान्सफॉर्मर चार्ज करतानाच्या झटक्याला रिले उडू नये म्हणून) जे साधारण १५ टक्क्यांवर असतं. पण मला स्टॅबिलिटी टेस्ट (ट्रान्सफॉर्मरमधून नुसता आरपार जाणाऱ्या करंटला रिले गप्प राहतो का) जास्त प्यारी आहे, कारण त्यात सीटी, वायरिंग, व्हेक्टर ग्रुप सगळं एका दमात कळतं.

ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून मोकळा. ११ केव्ही बाजूला सीटीच्या पलीकडे तिन्ही फेज जाड वायरने शॉर्ट करा, ३३ बाजूला सीटीच्या अलीकडून ४१५ व्होल्ट थ्री फेज द्या. किती करंट येईल ते आधी काढा: ३३ बाजूचा फुल लोड ८७.५ अँपिअर, त्याला ४१५ भागिले ३३००० ने गुणा आणि ०.०७१५ ने भागा, येतात साधारण १५.४ अँपिअर. ११ बाजूला त्याच्या तिप्पट, ४६. सीटी सेकंडरीला दोन्हीकडे ०.१५ अँपिअर. रिलेच्या डिस्प्लेवर दोन्ही बाजूंचे करंट जवळपास सारखे आणि डिफरन्शियल करंट शून्याच्या जवळ दिसला पाहिजे. मग मुद्दाम एका बाजूच्या सीटी वायर उलट्या करा, डिफरन्शियल दुप्पट, ०.३ च्या आसपास यायला हवा. तेवढा वाढला म्हणजे आधीचा शून्य खरा होता, मोकळ्या वायरचा नव्हता. वायर परत सुलट्या करा आणि पुन्हा एकदा शून्य बघा, हे शेवटचं बघणं चुकवू नका.

रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्टलाही (फक्त ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा अर्थ फॉल्ट बघणारा) असंच, तिथे न्यूट्रल सीटीची पोलॅरिटी हमखास उलटी सापडते.

बुखोल्झ (ट्रान्सफॉर्मरच्या तेलातला गॅस ओळखणारा), ओटीआय, डब्ल्यूटीआय (तेलाचं आणि वाइंडिंगचं तापमान बघणारे) यांचा काँटॅक्ट मार्शलिंग बॉक्समधे (सगळ्या वायर एकत्र येतात ती पेटी) वायर शॉर्ट करून तपासू नका, ती फक्त केबलची टेस्ट झाली. बुखोल्झला टेस्ट कॉकमधून हवा भरून किंवा टेस्ट रॉड दाबून आतला फ्लोटच हलवा, आधी अलार्म मग ट्रिप. गॅस्केटमधून पाणी शिरून पहिल्या पावसात ट्रान्सफॉर्मर उडणं हे नेहमीचंच, कव्हर उघडून कोरडं आहे का बघा.

ब्रेकर पडतो का

किटने रिले उडवा आणि खरा ब्रेकर पाडा. हाताने फ्लॅग (रिले उडाल्याची खूण) पाडून किंवा पुशबटनने नाही, करंट सोडून. प्रत्येक एलिमेंटने एकदा तरी. ट्रिप कॉइल ७० टक्के व्होल्टेजला चालली पाहिजे, क्लोजिंग ८५ ला. ३० व्होल्टच्या ठिकाणी ट्रिपच्या क्षणी कॉइलच्या टर्मिनलवर किती व्होल्ट राहतात ते मोजा, बॅटरी रूमपासून यार्डापर्यंत पातळ केबल असेल तर पाच-सहा व्होल्ट वाटेतच जातात. ट्रिप सर्किट सुपरव्हिजन (ट्रिपची वायरिंग शाबूत आहे का यावरची नजर) ब्रेकर चालू आणि बंद दोन्ही अवस्थांत तपासा, कॉइलची एक वायर काढून अलार्म येतो का बघा. बराच काळ न हललेला ब्रेकर पहिल्या ट्रिपला हळू जातो आणि दुसऱ्याला झकास, म्हणून पहिल्या ट्रिपचाच वेळ मोजायचा.

सेटिंग बदलायची वेळ

लोड वाढतं, सेटिंग तिथेच राहते. ९ नोव्हेंबर १९६५ ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ अंधारात गेला, तीनेक कोटी लोक. सुरुवात नायगाराजवळच्या सर ॲडम बेक वीजकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवरच्या एका बॅकअप रिलेने झाली, लाइनवर फॉल्ट नव्हता, लोड वाढलं होतं आणि सेटिंग जुनी होती. आपल्याकडे ३० जुलै २०१२ च्या ग्रिड फेल्युअरमधे ४०० केव्ही बिना-ग्वाल्हेर लाइन झोन थ्रीवर (दूरच्या फॉल्टसाठीचं बॅकअप संरक्षण) ट्रिप झाली, तिथेही फॉल्ट नव्हता, लोडच होतं.

आपल्या फिडरवर हेच लहान प्रमाणात होतं. शेतीपंपांना ऑटो स्विच, फिडर चार्ज केला की सगळे पंप एकदम उठतात, ओव्हरकरंट उडतो. मग फोन येतो, "साहेब जरा सेटिंग वाढवा ना". वाढवायची असेल तर इन्कमरसोबतचं अंतर परत काढून, लेखी मंजुरी घेऊन. आणि अर्थ फॉल्टची सेटिंग तर या कारणाने अजिबात वाढवू नका, तुटलेला कंडक्टर कोरड्या मुरमावर पडला की आधीच करंट कमी असतो. आधी लोड दोन-तीन टप्प्यांत घेता येतं का बघा.

परत जागेवर

आता सगळ्यांना घरी जायची घाई असते. सेटिंग फाइल पुन्हा डाउनलोड करून सकाळच्या फाइलशी जुळवा. बदल केला नसेल तर फरक शून्य, केला असेल तर तेवढाच. ट्रिप लिंक, लाल टेपची मोजणी, टीटीबीच्या लिंक जोडल्या, शॉर्टिंग काढलं, पीटी फ्यूज, मास्टर ट्रिप रिसेट, फ्लॅग रिसेट. ज्याने काढलं त्याने लावायचं आणि दुसऱ्याने बघायचं.

अर्थिंग काढून, माणसं मोजून, परमिट परत. फिडर चार्ज झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. लोड येऊ द्या. रिलेच्या डिस्प्लेवर तिन्ही फेजचा करंट पॅनेलच्या मीटरशी जुळतो का, न्यूट्रल जवळपास शून्य आहे का, डायरेक्शनल असेल तर दिशा बरोबर दाखवतो का. फेजचा करंट शून्य दिसला तर टीटीबीत शॉर्टिंग राहिलंय, परत परमिट घ्या. एका फेजचाच कमी दिसला आणि न्यूट्रल फुगला तर त्या फेजचं शॉर्टिंग आणि लिंक तपासायला हवी.

हे आकडे वेळेसकट ऑपरेटरच्या लॉगबुकात त्याच्याच हाताने लिहून घ्या, आणि डिस्प्लेचा फोटो काढा, अर्थ फॉल्टचं पान उघडून, "ऑन" दिसेल असा.